पीसफूल कोणतं फूल?

माझी नात गौरी परभणीला कॉलेजात शिकते. यंदा संक्रांतीच्या सुमारास ती मैत्रिणींबरोबर येलदरीला गेली आणि तिथून तिने धरणाच्या पाण्याचा एक फोटो सगळ्या घराला मोबाइलवर पाठवला. खाली एकच इंग्रजी शब्द होता, पीसफुल. सुनेने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मुलाने हात जोडले. त्याला कुठल्याही प्रसंगी हात जोडलेले चालतात. मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. पाणी खरंच हलत नव्हतं, पण हलेल कसं? दरवाजे बंद होते. मी गौरीला फोन केला आणि म्हटलं, "अगं, हे शांत नाही, अडवलेलं आहे."

ती म्हणाली, "आजी, तुला प्रत्येक शब्दाची उलटतपासणी घ्यायची सवयच आहे."

सवय आहे खरी. आमच्या जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टासमोर, लिंबाच्या झाडाखाली, मी एकतीस वर्षं टायपिंगचं टेबल लावून बसले. तालुक्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि बाकीच्यांनी कोणताही तालुका समजावा, लिंबाचं झाड सगळीकडे असतंच. जुनी माणसं आम्हाला निजामाच्या वेळच्या शब्दाने 'अर्जनवीस' म्हणत, नवी माणसं 'टायपिंगवाल्या बाई'. काम सांगायला सोपं आहे. वकील हाताने मजकूर लिहून देतो, आपण तो हिरवट जाड कागदावर उतरवायचा, मध्ये कार्बन घालून तीन-चार प्रती काढायच्या, डावीकडे चार बोटं जागा सोडायची. खाडाखोड झाली तर तिथे सही घ्यायची. एवढंच. वकिलाने काय लिहिलं ते आपण वाचायचं असतं, समजून घ्यायचं नसतं. हे शेवटचं वाक्य मला कोणी शिकवलं नाही. ते मी शिकले, पण ते शिकताना नुकसान दुसरीचं झालं.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास, मराठी आणि इंग्रजी. ओळ संपत आली की मशीनची घंटा वाजते, ती माझी इतरांपेक्षा लवकर वाजते याचा मला अभिमान होता. टेबलावर एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवलेला असे. त्याची गरज फारशी पडत नसे, पण जाणाऱ्या-येणाऱ्याला तो दिसावा अशी त्याची जागा मी ठरवली होती. वकिलांच्या स्पेलिंगच्या चुका मी लाल पेन्सिलीने दाखवत असे. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी चहा पाजीन आणि मग तो शब्दकोश तिच्या डोक्यात घालीन.

पीसफुल हा आमच्या झाडाखालचा फार चालणारा शब्द. जमिनीच्या कागदात 'पीसफुल पझेशन', म्हणजे शांततापूर्ण ताबा. मोर्च्याच्या अर्जात 'शांततेच्या मार्गाने'. एक पुढारी मला म्हणाला होता, "बाई, ते शांततेचं जरा बारीक अक्षरात टाका." मी म्हटलं, मशीनला एकच अक्षर आहे, लहान-मोठं होत नाही. तो म्हणाला, "मग शेवटी टाका. आमी शांततेतच करणार हाव, पण तहसीलदाराला ते आधीच कळलं तर त्याला आमची भीती कशी वाटावी?" हाणामाऱ्या करणाऱ्यांकडून पोलीस वर्षभर शांतता राखण्याचा बाँड लिहून घेत. तो टाइप करून झाला की एकजण दरवर्षी तारीख तपासून बघे आणि विचारे, "म्हणजे ह्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोकळा ना?" आमच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर वारले तेव्हा त्यांच्या मुलाने दुखवट्याच्या पत्रात वडील 'शांतपणे गेले' असं लिहून आणलं होतं. मास्तर तीन महिने विव्हळत होते, ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी काही बोलले नाही, टाइप करून दिलं. तिथे मला अक्कल सुचली. जिथे सुचायला हवी होती तिथे सुचली नाही.

आणि हो, मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, पोरगी शांत आहे. सासरच्यांनी त्याचा अर्थ काय घेतला आणि हाती काय आलं, हा वेगळा लेख होईल.

तर गयाबाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अंगाने काटक, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची. नवरा काविळीनं गेलेला. त्याच्या वाटणीची अडीच एकर जमीन, विहिरीला लागून. सात-बारा नवऱ्याच्या नावावर, नंतर तिच्या. पण दिराचं म्हणणं, जमीन माझीच, मीच कसतो. हा दीर तिच्या बैलांना दगड मारायचा, उभ्या पिकात ढोरं सोडायचा, पाण्याचा पाट फोडायचा. म्हणून तिने दावा लावला, की माझ्या शेतात यायला ह्याला कायमची मनाई करा. तिचे वकील म्हणजे आमच्या झाडाखालचे सगळ्यात जुने वकीलसाहेब. शिक्षण उर्दूत झालेलं, आणि कदाचित म्हणूनच दावे इंग्रजीत लिहायची त्यांना फार हौस. त्या दाव्यात माझ्याच बोटांनी उतरलं होतं, की वादी ही जमिनीच्या पीसफुल ताब्यात आहे.

तिच्या साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी वकीलसाहेब परभणीला गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी तिला घाईघाईत चार गोष्टी पढवल्या होत्या. ती माझ्या टेबलाशी येऊन खाली बसली. बराच वेळ बसली. मग म्हणाली, "बाई, एक इचारू का? वकीलसाहेब म्हणले, उद्या कोर्टात पीसफूल हाय का म्हणून इचारतील, तू व्हय म्हण. म्या व्हय म्हणीन. पर ते पीसफूल कोणतं फूल हाय?"

मला आधी कळलंच नाही. ती पुढे म्हणाली, "सूर्यफूल ठावं हाय. करडईचं फूल ठावं हाय. पीसफूल म्या कधी पेरलं न्हाई. आन् त्या कागदात लिवलंय म्हणं, मपल्या शेतात हाय म्हणून. उद्या कुणी पंचनामा कराया आलं तर म्या काय दावू?"

मी हसले. नुसती हसले नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सांगून हसले. मग माझ्यातली विदुषी जागी झाली. शब्दकोश काढला, पान काढलं आणि तिला वाचून दाखवलं: शांत, निवांत, तंटाबखेडा नसलेलं. म्हटलं, फूल नाही गयाबाई, शांत. म्हणजे तुमचा ताबा शांत आहे का, असं विचारणार.

ती म्हणाली, "म्हंजी भांडण न्हाई असं?"

"हो."

"आन् दगडं?"

"दगड कसे असतील? शांत म्हणजे शांत."

"मंग म्या व्हय म्हणले तर ते खोटं व्हतंय की."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं, की उद्या सकाळी वकीलसाहेबांना विचारा, कायद्यातलं मला कळत नाही. हे म्हणणंच मला कठीण होतं, कारण मला सगळं कळतं असं माझं मत होतं. मी म्हटलं, "कोर्टात शपथ घेऊन खोटं बोलायचं नसतं." आणि शब्दकोश मिटून त्याच्या जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला तेव्हा मी काम टाकून दाराशी जाऊन उभी राहिले. मला उत्सुकता होती. आपण शिकवलेली बाई कशी बोलते, ही उत्सुकता. लिहायला लाज वाटते, पण तीच होती. वकीलसाहेबांनी विचारलं त्याची उत्तरं तिने नीट दिली. नवरा, वाटणी, विहीर, कोणतं पीक, कोणत्या दिशेला कोणाचं शेत. मग दिराचा वकील उठला. त्याच्या हातात आमचाच दावा होता. त्याने सावकाश, मराठीत विचारलं, की तुमचा ताबा शांततेचा होता असं तुम्ही लिहून दिलंय. हे खरं आहे का?

गयाबाईने मान वळवून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी, देवा, मान हलवली. धीर द्यायला.

ती न्यायाधीशांच्या कपाळाकडे बघून म्हणाली, "न्हाई साहेब. नवरा गेला तवापसून एक दिस शांती न्हाई."

वकीलसाहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. न्यायाधीश तेव्हा जबाब स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून घेत. त्यांनी लिहिलं, की माझा ताबा पीसफुल नव्हता हे खरे आहे. गयाबाईने त्याखाली अंगठा उठवला. ती साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरली तेव्हा तिचा चेहरा हलका झालेला होता. खरं बोलून आलेल्या माणसाचा असतो तसा.

बाहेर आल्यावर वकीलसाहेबांचा तोल गेला. ते कधी कोणावर ओरडत नसत. त्या दिवशी सगळ्या झाडाखालच्या लोकांसमोर त्यांनी तिला विचारलं, की मी तुला काय सांगून गेलो होतो? तुला हे न्हाई म्हणायला कोणी सांगितलं?

मी चार हातांवर बसले होते. मशीनमध्ये कागद होता. माझ्या बोटांनी टाइप करणं थांबवलं नाही, पण काय टाइप केलं ते नंतर फाडावं लागलं.

गयाबाई म्हणाली, "कुणी न्हाई. मपल्याच मनानं बोलले."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी बोलले नाही. पोरगी शांत आहे, असं वडिलांनी सांगितलं होतं. ते त्या दिवशी खरं ठरलं. बोलले असते तर काय झालं असतं? वकीलसाहेबांनी माझ्याकडे काम देणं बंद केलं असतं, त्यांचं बघून इतरांनीही. त्या झाडाखाली बसणारी मी एकटी बाई. तिला उठवायला निमित्त हवं असलेले तिथे दोघे-तिघे होतेच. हे सगळं मी तेव्हा एका ओळीच्या टायपिंगइतक्या वेळात मनात मांडलं. म्हणजे मशीनपेक्षा डोकं जलद चालत होतं, फक्त चुकीच्या दिशेने.

दावा फेटाळला गेला. निकालात पुष्कळ लिहिलं होतं, पण मला एकच वाक्य दिसत होतं: वादीने स्वतःच कबूल केले आहे. त्या निकालाची नक्कल गयाबाईने माझ्याकडूनच वाचून घेतली. मी वाचली. पुढच्या पेरणीला दिराची पाभर तिच्या शेतात फिरली. गयाबाईने दोन्ही लेकरं आईकडे ठेवली आणि दसरा झाल्यावर कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. स्वतःच्या विहिरीवर पाणी भरणारी बाई चार हंगाम दुसऱ्याच्या फडात पाचट काढत राहिली.

अपील झालं. त्याचा मजकूर टाइप करताना मी आयुष्यात पहिल्यांदा वकीलसाहेबांना एका शब्दाचा अर्थ विचारला. म्हटलं, साहेब, रोज भांडण असेल तर ताबा पीसफुल कसा म्हणायचा?

त्यांनी पानाचा डबा बंद केला. "बाई, कानूनातला अमन निराळा असतो. तुम्ही शेतात कसे शिरलात एवढंच तो बघतो. चोरून शिरला नाहीत, काठी घेऊन शिरला नाहीत, तर ताबा शांत. मग बांधावर कोणी कितीही दगड मारो. अहो, दगड मारतो म्हणून तर बाई कोर्टात आली. तिला शांती असती तर ती इथं कशाला आली असती?"

इतकं सोपं होतं. मी ते विचारावं यासाठी तिचं शेत जावं लागलं. आणि तेव्हाही, विचारल्यावरसुद्धा, मी त्यांना सांगितलं नाही की शब्दकोश माझा होता.

वरच्या कोर्टात ती जिंकली. चार पेरण्या गेल्या, पाचवी तिने केली. निकालाच्या दिवशी ती झाडाखाली आली, सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. मी सांगायचं ठरवून तोंड उघडलं, पेढा तोंडात होता, आणि तो गिळेपर्यंत ती पुढच्या टेबलाकडे गेली. हे कारण होतं का? नव्हतं. पण पुढची कित्येक वर्षं मी मनातल्या मनात ते कारण म्हणून सांगत आले. नंतर वकीलसाहेब वारले, कॉम्प्युटर आले, कोर्टाचं काम मराठीत होऊ लागलं, माझं टेबल उठलं. त्या शब्दकोशात त्या शब्दापुढे मी पेन्सिलीने 'फूल' असं लिहून ठेवलं. तेवढाच माझा कबुलीजबाब, तोही घरच्या कपाटात.

येलदरीचा फोटो आल्यावर आठवड्याने मी गौरीला म्हटलं, मला एका गावाला घेऊन चल. वाटेत एसटीत तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आजी, तू तर आम्हाला लहानपणी खोटं बोललं की कोपऱ्यात उभं करायचीस." मी म्हटलं, मी चाळीस वर्षं कोपऱ्यातच आहे, तुम्हाला वाटतं मी तिथे खुर्ची टाकून बसले आहे.

गयाबाई शेतातच भेटली. पाठीतून वाकलेली, पण बघणं तेच, कपाळाकडे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. हरभरा उभा होता आणि कडेने, ढोरं आत येऊ नयेत म्हणून, करडईच्या चार ओळी लावलेल्या. फुलं आली होती, नारिंगी-पिवळी, काट्यांच्या मधोमध. मी तिच्याजवळ बसले आणि हळू आवाजात, जपून, वाटेत जुळवलेली वाक्यं बोलायला लागले. ती हसून मान डोलवत राहिली. मला वाटलं, किती समजूतदार. मग तिचा मुलगा लांबून ओरडला, "मावशी, आईला ऐकू येत न्हाई. जोरात बोला."

चाळीस वर्षं मी जे शांतपणे पोटात ठेवलं होतं, ते मला रानात उभं राहून ओरडून सांगावं लागलं. "तो अर्थ मी सांगितला होता. माझ्यामुळे शेत गेलं. तुम्हाला वकीलसाहेब बोलले तेव्हा मी गप्प बसले." शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या दोघी बाया खुरपं थांबवून ऐकत होत्या. गौरी जमिनीकडे बघत होती.

गयाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठावं हाय की. म्या काय येडी हाव? त्यो निकाल वाचून घेतल्यावर दोन वर्सं तुमच्या टेबलाकडं बघितलं न्हाई म्या. फडात मोळी उचलताना तुमाला लय शिव्या दिल्या. पर तवा नाव घेतलं असतं तर तुमाला उठिवलं असतं तिथून. मपलं शेत तर गेलंच व्हतं. आजून एका बाईची जागा कशाला घालवू?"

मी चष्मा काढून पदराला पुसला.

"आन् तसं बी," ती म्हणाली, "त्यो गेल्यावर मला कुणी इचारलं न्हाई बाई, गया, तुला शांती हाय का म्हणून. भावानं न्हाई, गावानं न्हाई. एकदाच इचारलं, त्या कोर्टात. मंग काय खोटं सांगू?"

गौरीने माझा हात धरला होता.

मी ओरडून विचारलं, "आणि आता? आता आहे का?"

गयाबाई उठली, माझं मनगट धरून मला करडईच्या ओळींपलीकडे बांधाशी घेऊन गेली. बांधाची माती ताजी उकरलेली होती, ट्रॅक्टरच्या फाळाचा माग तिच्या बाजूला हातभर आत आला होता. "दिराचा नातू," ती म्हणाली. "दर साली थोडं थोडं, बांध कोरायलाय." मग माझ्या कपाळाकडे बघत तिने विचारलं, "तुमची ती मशीन हाय का आजून?"

मी मान हलवली. मशीन पलंगाखाली आहे.

"मंग एक अर्ज लिवा," गयाबाई म्हणाली. "पर ह्या बारीला त्यो शब्द घालू नका."